निळ्या झाकणाची नळी

ठिपकीच्या नडगीवरचा चौथा निळा डाग आईला दिसला तो रविवारी, अंघोळीच्या वेळी. तिने तो बोटाने हलकेच दाबून पाहिला. ठिपकीने पाय मागे घेतला.

"जुनाय तो," ठिपकी म्हणाली.

चार वर्षांच्या मुलीला जुना कुठला नि नवा कुठला काय कळणार? आईला मात्र पक्कं माहीत होतं. शुक्रवारी तीन होते, आज चार. उजव्या पायाला तीन, डाव्याला एक. गालावरचा तीळ धरायचा नाही, तो जन्माचा. त्याच्यामुळेच तर पोरीला ठिपकी हे नाव पडलं होतं.

मोजणं हे तिचं कामच होतं. गावातल्या एका प्रयोगशाळेत ती माणसांची गुणसूत्रं मोजायची. आलेल्या रक्तातल्या पेशी नळीत वाढवायच्या, त्यांचे दोन भाग व्हायच्या बेताला आल्या की औषधाचा थेंब टाकून नेमक्या तिथेच थांबवायच्या, काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून मोजायचं. शेहेचाळीस आली की पुढची पेशी. "आमच्याकडे भातसुद्धा शितं मोजून वाढतात," असं नवरा पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणे हसले की तीही हसायची.

गेले तीन आठवडे तिचं हसणं आटलं होतं. ठिपकीला ताप येत होता, जात होता, पुन्हा येत होता. मानेला दोन्ही बाजूंनी वाटाण्याएवढ्या गाठी लागत होत्या. त्यात रक्ताच्या तपासणीत 'अनोळखी पेशी' दिसल्या. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साध्या विषाणूच्या तापातही अशा पेशी दिसतात," ते म्हणाले. "नव्वद टक्के तेच असेल. पण खात्री करून घेऊ. रक्तातल्या पेशी आपल्या आपण वाढताहेत का, तेवढं पाहायचं. तसं निघालं, तर कंबरेच्या हाडातून मज्जा काढावी लागेल."

तसं निघालं, म्हणजे रक्ताचा कर्करोग. तो शब्द डॉक्टरांनी उच्चारला नाही, तिनेही नाही. नवऱ्याने तेवढं विचारलं, "कधी कळेल?" उरलेले दहा टक्के मनात घेऊन ती घरी आली.

ती तपासणी गावात एकाच ठिकाणी व्हायची. तिच्याच प्रयोगशाळेत.

*

प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक नियम चौकटीत लावलेला होता. नात्यातल्या माणसाचा नमुना आला तर वहीत तसं लिहायचं आणि काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं. हात लावायचा नाही, डोळाही लावायचा नाही. सहा वर्षांत तिने हा नियम तीन शिकाऊ मुलींना पाठ करून घेतला होता.

सोमवारी सकाळी नमुन्यांच्या पेटीत ठिपकीचं रक्त आलं. करंगळीएवढ्या नळीत, जेमतेम दोन चमचे. वर नाव नव्हतं, फक्त क्रमांक: एकतीस. सोबतच्या कागदावर ठिपकीचं शाळेतलं नाव आणि नवऱ्याचं आडनाव. ती स्वतः माहेरचं आडनाव लावत असल्याने इथे ते कोणाच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतं. आता वही उघडायची, एक ओळ लिहायची, आणि नळी शेजारच्या टेबलावर द्यायची.

शेजारच्या टेबलावर बडबड्या होता. हे नाव त्याला प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनीच दिलेलं. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाला विसावा नाही. काम करता करता गुणगुणायचं, मधेच कालच्या सामन्याचं काहीतरी सांगायचं, माप घ्यायची पिपेट हवेत धरून हातवारे करायचे.

"ताई, आज चेहरा का असा? जावई पळाला का तुमचा?"

"माझी मुलगी चार वर्षांची आहे."

"म्हणूनच तर विचारलं. एवढ्या लवकर पळाला म्हणजे कमालच!" असं म्हणून तो स्वतःच हसला आणि हातातल्या नळीवरचा क्रमांक पुन्हा वाचून बघायला लागला.

ह्याच्या हातात? तिने वही उघडली नाही. एकतीस नंबरची नळी तिने आपल्या रॅकमध्ये शेवटच्या भोकात ठेवली.

आता ही तपासणी काय असते, ते सांगायला हवं. निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन भाग होण्याच्या भानगडीत नसतात. त्या चक्रातून बाहेर पडून निजलेल्या असतात. त्यांना उठवायला राजम्याच्या दाण्यांपासून काढलेला एक अर्क लागतो. तो मिळाला की पेशी जागी होते, फुगते, आपल्या गुणसूत्रांची जोडनक्कल करते, सगळं नीट झालं का ते तपासते आणि मग विभाजनाला उभी राहते. ह्याला दोन दिवस तरी जातात. रोजचे नमुने असे उठवलेलेच असतात. त्यांच्या नळ्यांना लाल झाकण. पण रक्ताच्या कर्करोगाची शंका असली की नळीला निळं झाकण लावायचं आणि अर्क घालायचाच नाही. दोन दिवसांनी बघायचं. निजलेल्या निजलेल्याच असतील तर सुटलो. कोणी न उठवता उठून दोनाच्या चार व्हायला निघाल्या असतील, तर त्यांच्या कानात कोण कुजबुजलं ते शोधावं लागतं.

शिकाऊ मुलींना ती हे सगळं एकत्र कुटुंबाच्या वाटणीसारखं सांगायची. "आधी घर वाढतं. मग घरातल्या वस्तू न् वस्तूची हुबेहूब जोड करायची, चमचासुद्धा सुटता कामा नये. मग नाक्यावरचा पंच येऊन बघतो, काही राहिलंय का. राहिलं असेल तर पुढे सोडत नाही. मग सगळं सामान मधोमध एका रांगेत मांडायचं. आपण औषध घालून थांबवतो ती हीच वेळ, कारण सामान मोजता येतं ते आत्ताच. एरवी लगेच दोन्हीकडून दोऱ्या ओढल्या जातात, अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि मधे भिंत."

"आणि भांडण?" एकीने विचारलं होतं.

"भांडण झालं की नमुना आपल्याकडे येतो."

त्या दिवशी तिच्या रॅकमध्ये वीस नळ्या होत्या. एकोणीस लाल, शेवटची निळी. निळ्या झाकणाचं काम एरवी बडबड्याकडे असायचं. तिने सगळ्यांत पोषक द्रव घातला, मोजून रक्त घातलं, आणि अर्काची नवी बाटली फोडली. इतक्यात पांढऱ्या कोटाच्या खिशातला फोन थरथरला. पाळणाघरातल्या ताईंचा निरोप होता: ताप नाही, दूध प्यायली, खेळतेय. तिने तो दोनदा वाचला. दूध *पूर्ण* प्यायली की नुसतं प्यायली? एका हाताने फोन धरून ती तेच वाचत होती, आणि दुसरा हात पिपेटने माप टाकत रांगेवरून सरकत होता. टक, टक, टक. सहा वर्षांची सवय. शेवटच्या टकेसरशी बाटली रिकामी झाली. एका बाटलीत वीस मापं येतात. वीस नळ्या, वीस मापं, हिशेब चोख. तिला तेवढंच जरा बरं वाटलं.

झाकणं लावून तिने रॅक उबदार कपाटात ठेवला.

*

मंगळवारी सकाळी तिने सगळ्यात आधी ते कपाट उघडलं. एकतीस नंबरची नळी उजेडात तिरकी धरली.

तळाशी कण्या जमल्या होत्या. बारीक, मळकट तांबूस. तिने नळी हलवली. कण्या वर आल्या, गोल फिरल्या, पुन्हा तळाशी बसल्या. फुटल्या नाहीत.

आजारी पेशी चिकट असतात, असं काहीतरी तिने कुठेतरी वाचलं होतं. कुठे ते आठवेना. पण वाचलं होतं, नक्की. तिने नळी परत ठेवली. संध्याकाळी ठिपकी तिच्या मांडीवर बसून चित्रात रंग भरत होती, आणि आई तिच्या मानेवरच्या गाठी चाचपत होती. वाढल्यात का? कालच्याएवढ्याच आहेत का?

"आई, गुदगुल्या करू नको. बघ, घोड्याचा पाय हिरवा झाला."

"मी कुठे करतेय गुदगुल्या?"

"मग काय करतेयस?"

तिने हात खाली घेतला. नवरा दारात बूट काढत होता. तो लिफ्टा दुरुस्त करायचा. अंगाला कायम ग्रीसचा वास. त्याने बायकोकडे एकदा बघितलं, मुलीकडे एकदा.

"परवा कळेल ना?" त्याने हळूच विचारलं.

"उद्याच," ती म्हणाली. पण आतून तिला वाटत होतं, कळलंय.

*

बुधवारी सकाळी तिने नळ्यांमध्ये थांबवायचं औषध घातलं, ठरलेला वेळ गेल्यावर पेशी फुगवल्या, धुतल्या, काचांवर थेंब टाकले. दुपारी बडबड्या जेवायला गेला तसं तिने दाराकडे पाठ करून एकतीसची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

पहिल्या नजरेत निजलेल्या पेशी. गोल, गुळगुळीत, काळपट. तिने श्वास सोडला. काच जरा सरकवली.

आणि मधोमध ती दिसली. उघडी पडलेली, गुणसूत्रं काड्यांसारखी विखुरलेली. दोन भाग व्हायला निघालेली आणि औषधाने जागच्या जागी अडवलेली पेशी.

एखादी असते, तिने स्वतःला सांगितलं. काच सरकवली. दुसरी. मग थोडं अंतर, आणि तिसरी, चौथी अगदी जवळजवळ. तिने मोजायला सुरुवात केली, कारण दुसरं काही तिला येतच नव्हतं. शेहेचाळीस. पुढची, शेहेचाळीस. आकडा बरोबर होता, पण त्याने दिलासा मिळेना. आकडा बरोबर असूनही रोग असतो, हे तिला पाठ होतं. दहा मिनिटांत अकरा पेशी. जिथे एकही असायला नको, तिथे अकरा. कोणी न उठवता उठलेल्या. आत्ता ह्या घटकेला, पाळणाघरात रंगीत ठोकळे रचणाऱ्या पोरीच्या अंगात, अशाच उठत असतील. दोनाच्या चार. चाराच्या आठ. नाक्यावरचा पंच निजलेला असेल.

खुर्ची मागे लोटून ती बाहेरच्या बोळात आली. नवऱ्याला फोन लावला. मागे घणाचे ठोके ऐकू येत होते.

"अकरा," ती म्हणाली.

"काय अकरा?"

"पेशी. दहा मिनिटांत अकरा. वाढताहेत रे. आपल्या आपण."

ठोके थांबले. मग त्याने तो आवाज काढला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचा त्याचा एक खास आवाज होता, सावकाश, एकेक शब्द सुटा. तिच्याशी तो तसं कधी बोलला नव्हता.

"ऐक. तू आत्ता कुठे आहेस?"

"बोळात."

"मॅडमनी बघितलं का?"

"नाही. कसं दाखवू? मी नमुन्याला हात लावायचाच नव्हता. वहीत लिहिलंच नाही मी. नोकरी जाईल."

"जाऊ दे. लिफ्ट अडकली की आतला माणूस सांगतो, पडतेय, पडतेय. त्याला खरंच तसं वाटत असतं. बाहेरून बघितल्याशिवाय कळत नाही. तू आत आहेस. मॅडमना बोलाव." त्याचा आवाज शेवटी जरासा फाटला. "मी निघतोय इकडून."

*

मॅडम साठीला टेकलेल्या होत्या. त्यांनी तिचं सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. मुलगी, आडनाव, न लिहिलेली ओळ, अकरा पेशी. नियमाचं नाव काढलं नाही. खुर्ची ओढून काच बघायला बसल्या. पाच मिनिटं खोलीत नुसता त्या काचेच्या सरकण्याचा आवाज.

"आहेत खऱ्या," त्या म्हणाल्या.

तिने टेबलाची कड धरली.

"छान आहेत. फारच छान आहेत." मॅडमच्या कपाळाला आठी पडली होती. "नळीत काल काही वेगळं दिसलं होतं?"

"कण्या. तळाशी कण्या जमल्या होत्या. हलवून फुटत नव्हत्या. मला तेव्हाच कळलं होतं, मॅडम."

मॅडमनी डोळे वर केले. "काय कळलं होतं?"

"आजारी पेशी चिकटतात ना..."

"अगं, कण्या कशाने होतात?"

तिची नजर उबदार कपाटाकडे गेली.

"रोज सकाळी वीस नळ्यांत कण्या बघतेस. एखाद्या लाल नळीत नसल्या तर धावत माझ्याकडे येतेस, म्हणतेस, मॅडम, अर्क लागू पडला नाही. आता सांग, कण्या कशाने होतात?"

"अर्काने," ती पुटपुटली. अर्क पेशींना नुसता उठवत नाही, एकमेकींना चिकटवतोही. हे तर तिनेच त्या तीन मुलींना शिकवलं होतं.

"मग अर्क न घातलेल्या नळीत त्या कुठून आल्या? सोमवारी किती नळ्या होत्या?"

"वीस."

"लाल किती?"

"एकोणीस."

"बाटलीत किती उरला?"

तिच्या कानात ती शेवटची टक वाजली. फोन धरलेला हात. दूध प्यायली, खेळतेय. रिकामी बाटली, चोख हिशेब. एक माप उरायला हवं होतं.

"नाही उरला," ती म्हणाली.

मॅडमनी काच काढून बाजूला ठेवली. "ह्या काचेवरून काहीच सांगता येत नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. तू पोरीच्या पेशी स्वतःच्या हाताने उठवल्यास, आणि उठलेल्या बघून घाबरलीस. म्हणतात ना, मन चिंती ते वैरी न चिंती." त्यांनी शीतकपाटाकडे मान वळवली. "एकतीसचं रक्त उरलंय?"

"एक चमचा."

"पुरेल. बडबड्या लावेल नळी. आणि शुक्रवारपर्यंत तू ह्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. मागे काचा धुवायला बस. वही घे, आधी त्यात सगळं लिही. बाटलीचंसुद्धा."

सुटका झाली म्हणायची, तर झाली नव्हती. आता दहा टक्के पुन्हा पहिल्यासारखे समोर उभे होते, आणि वर दोन दिवस वाढले होते. नवरा धावत दाराशी आला तेव्हा तिने त्याला तेवढंच सांगितलं.

जेवून आलेल्या बडबड्याला मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने तिच्याकडे बघितलं. जावयाचा विनोद त्यालाही आठवला असावा, कारण त्याचे कान लाल झाले. त्याने हात धुतले. मग निळ्या झाकणाची नवी नळी घेतली आणि अर्काच्या बाटल्यांचा अख्खा ट्रे उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. परत येऊन मग नळी उघडली. गुणगुणत होता, तरीही. तिच्या लक्षात आलं, गुणगुणताना त्याचा हात अजिबात हलत नाही.

*

शुक्रवारी दुपारी ती मागच्या मोरीवर काचा धुत होती. तिथून दाराच्या काचेतून मॅडमची पाठ आणि उजवा हात दिसायचा. तो हात काच सरकवत होता. जरा डावीकडे, जरा पुढे. हात चालतोय म्हणजे काही सापडलेलं नाही, एवढं तिला कळत होतं. सापडलं की थांबतो.

बारा मिनिटं हात चालला. मग थांबला.

तिच्या हातातली काच मोरीत पडली. मॅडम पुढे झुकल्या. हात तसाच. खोलीतलं घड्याळ तिला इथून दिसत नव्हतं, आणि नळाचं पाणी तसंच वाहत होतं. मॅडमनी डावा हात वर केला, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. हात पुन्हा चालायला लागला.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मॅडमना शिंक आली होती.

दीड तासाने त्या दारात आल्या. "ये. बघ."

"मी? नियम..."

"सही झाली माझी. आता बघितलंस तर चालेल. नाही बघितलंस तर तू घरी जाऊन झोपणार नाहीस, ओळखते मी तुला."

ती बसली. पहिल्या नजरेत निजलेल्या पेशी. काच सरकवली. निजलेल्या. पुढे, पुढे, अख्खी ओळ, मग खालची ओळ. गोल, काळपट, मिटलेल्या, एकीचंही दार उघडं नाही. एवढी रिकामी काच तिने आयुष्यात बघितली नव्हती. मधेच डोळ्यांत पाणी येऊन सगळं धूसर झालं. तिने पदर लावला नाही, तशीच थांबली, आणि दिसायला लागल्यावर राहिलेली ओळ पुरी केली.

"कोणी उठलं का?" बडबड्याने हळूच विचारलं.

"नाही."

"मग हळू बोला, ताई. उठवाल पुन्हा."

*

पाळणाघरातून ठिपकी लंगडत बाहेर आली. घसरगुंडीवरून पडली होती. गुडघा सोललेला, त्यावर रक्ताची बारीक बारीक लाल टिंबं. आई खाली वाकली आणि बघत राहिली. टिंबं सुकायला लागली होती. आता ह्याच्या खाली पेशींना उठावं लागेल. जोड करावी लागेल, रांगेत उभं राहावं लागेल, वाटणी, मधे भिंत. आणि जखम भरली की थांबावं लागेल. थांबतील ना?

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, विषाणूचाच ताप दिसतोय, गाठी सावकाश जातील, महिन्याने पुन्हा रक्त बघू. महिन्याने. तिने तारीख लिहून ठेवली होती.

घरी नवऱ्याने ठिपकीला ओट्यावर बसवलं. आई पाय बघायला वाकली, मग सरळ झाली.

"तू मोज," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी?"

"आज तू. मी बघत नाही." तिने खरंच तोंड भिंतीकडे केलं.

त्याने मन लावून मोजलं. ठिपकी त्याच्या बोटावर नजर ठेवून होती.

"पाच," तो म्हणाला.

ती गर्रकन वळली. "चार होते!"

"बाबा, हा चिखल आहे," ठिपकी म्हणाली.

नवऱ्याने फडकं ओलं करून पुसलं. डाग गेला. ठिपकी हसत सुटली, तोही हसला, आणि हसता हसता आईने त्याच्या हातून फडकं घेतलं. पाय स्वच्छ होता. तरी तिने तीच जागा आणखी दोनदा पुसून बघितली.